शालनताईंच्या अंगणातली तार

मी भित्रा माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, कारण केबलवाला म्हटलं की लोकांना उगाच वाटतं, हा गच्चीच्या कठड्यावरून चालतो, खांबाला शिडी लावतो, म्हणजे गडी धाडसाचा असणार. माझ्याबरोबर या धंद्यात आलेले दोन धाडसी गडी होते. एक आता पाय ओढत चालतो आणि दुसऱ्याच्या फोटोला हार आहे. मी मात्र धडधाकट निवृत्त झालो, ते केवळ भीतीच्या जोरावर. शिडी लावण्याआधी मी तीनदा हलवून बघायचो. पोरं हसायची. हसू दे म्हटलं.

हडपसरच्या बाजूला आमचा गाळा होता. आधी टीव्हीची केबल, मग लोकांना इंटरनेट हवं झालं तेव्हा इंटरनेट. काम तेच, घरापर्यंत तार नेऊन पोचवायची. बाहेरच्या माणसाला वाटतं की तारेतून वीज जाते. इंटरनेटच्या तारेतून वीज जात नाही. आत केसाएवढी बारीक काच असते आणि तिच्यातून प्रकाश जातो. वारज्यात एका निवृत्त गृहस्थांकडे जोडणी द्यायला गेलो होतो. ते हातमोजे घालूनच दारात उभे. म्हणाले, "अहो, या तारेतून व्हायरस येतात म्हणे. पावसाळ्यात जास्त येतात का?" मी म्हटलं, "आपण पाणी उकळून पिता ना? मग काळजी नको." गृहस्थांनी मान डोलावली आणि हातमोजे काढले. अशी माणसं भेटली म्हणून इतकी वर्षं निभावली.

पण काचेची तार नाजूक असते. दोन इमारतींमध्ये ती आपल्या बळावर लोंबू शकते, लांबच्या पल्ल्याला नाही. तिथे आम्ही सोबत पोलादाची एक तार ताणतो आणि काचेची तार तिला बांधत नेतो. तिला आधाराची तार म्हणतात. तिच्यातूनही वीज जात नाही. मात्र लोखंडच ते, बाहेरून कुठून वीज मिळाली तर नाही म्हणत नाही. माझी सगळी भीती या एका गोष्टीत होती, आणि जे सांगणार आहे ते याच भीतीबद्दल आहे.

शालनताई आमच्या गाळ्यावर आल्या तेव्हा जेवणाची वेळ होती. पन्नाशीच्या आतबाहेरची बाई, डोक्यावर पदर, हातात मोबाईल. मांजरी गावाच्या खाली, नदीच्या अंगाला उसात त्यांचं घर. दोन-तीन कंपन्यांनी नकार दिला होता. आमच्या माणसानेही नकाशावर बघून मान हलवली. आमच्या केबलच्या लाईनपासून फार लांब, मध्ये एकही इमारत नाही, एका घरासाठी एवढी तार कोण ओढणार?

बाई उठेनात. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दादा, आमच्याकडं रेंजच न्हाय. खड्ड्यात हाय घर. फोन लावायचा तर बांधावर चढून वर रस्त्याला यावं लागतं. तुमच्या त्या वायफायवरनं साधा फोन लागतो, खरं का?"

म्हटलं, लागतो. रेंज नसली तरी घरात वायफाय असेल तर आताच्या मोबाईलवर नेहमीसारखा फोन लागतो आणि येतोही.

"मग मला तेवढंच पायजे. पिच्चर नको न् काय नको."

त्यांची मुलगी रेश्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. जावई वारज्याला फ्लॅटमध्ये राहणारा, आयटीतला. त्याने स्पष्ट सांगितलं होतं, जिथून ॲम्ब्युलन्सला फोन लागत नाही तिथे मी बायकोला पाठवणार नाही. शालनताईंना त्याचा राग नव्हता. उलट त्यांनीच मला पुढचं सांगितलं. आदल्या वर्षी त्यांच्या सासऱ्यांच्या छातीत रात्री कळ आली. नवरा नेहमीसारखा दुधाच्या गाडीवर गेलेला. घरात ह्या आणि सासूबाई. फोन हातात घेऊन ह्या बांधावर धावल्या, फोन लागला, गाडी निघाली, पण ह्या परत खाली पोचल्या तेव्हा सासरे गेले होते.

"आन् दोन शेतं सोडून चुलत दिराचं घर हाय," त्या म्हणाल्या. "बापू. त्यांच्या दारात जीप असती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पर बांधावरनं भांडण. बोलणं बंद. मी त्या रात्री तिकडं तोंड करून उभी राहिले, दादा, आन् हाक न्हाय मारली. सासूबाईंनी पण न्हाय मारली."

मी जेवणाचा डबा बंद केला आणि म्हटलं, उद्या बघायला येतो.

जागा बघितली. चहूकडे डोक्याच्या वर ऊस. सरळ रेषेत गेलं तर तार बापूंच्या शेतावरून न्यायला हवी. विचारायला गेलो. बापू म्हणजे साठीचा, उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. गोठ्यापुढे बाजेवर बसला होता.

"कुणाच्या घरी न्यायची तार?"

सांगितलं.

"आमच्या रानावरनं न्हाय जायची."

"बापू, वरून जाईल, हवेतून. रानात एक खड्डा पडणार नाही."

"वरचं बी आमचंच हाय," ते म्हणाले आणि म्हशीकडे बघायला लागले. बोलणं संपलं.

उरला शेतातला गाडीरस्ता. तो सगळ्यांच्या मालकीचा, त्यावर कोणी अडवू शकत नव्हतं. पण वळणावळणाचा, आणि अर्ध्या वाटेत शेतीपंपांची विजेची लाईन त्याला आडवी जाते. उघड्या तारा, वर्षानुवर्षं कोणी न ताणलेल्या, पोटात लोंबलेल्या. जमिनीपासून हव्या तेवढ्या उंच न उरलेल्या. त्यांच्याखालून आमची तार जाणार. मी त्या रात्री नीट झोपलो नाही. बायको म्हणाली, नाही म्हणून सांगा. पण मला सारखी ती बाई दिसत होती, शेजारच्या घराकडे तोंड करून उभी.

काम केलं. बाभळी, कडुलिंब आणि आमचे लोखंडी पाईप यांच्या आधाराने तार नेली. विजेच्या लाईनखाली नियमापेक्षा जास्तच अंतर ठेवलं, तिथे तार दोन्ही बाजूंना घट्ट बांधली. शेवटचं टोक शालनताईंच्या अंगणातल्या खांबावरून भिंतीतल्या हुकाला. सासूबाई पूर्ण वेळ दारात उभ्या. म्हणाल्या, "हिला हात लावला तर चिकटतो का रं?"

"नाही आजी. हिच्यात करंट नसतो. पण लावू नका हात. कपडेही वाळत घालू नका."

शेवटचं वाक्य मी प्रत्येक घरी म्हणायचो आणि एकाही घरी कोणी ऐकलं नाही. अंगणात ताणलेली तार मोकळी ठेवणारं घर मी अजून बघायचा आहे.

रेश्मा आली. हॉस्पिटलमध्ये व्यवस्थित बाळंत झाली, मुलगा झाला. ॲम्ब्युलन्सला फोन याच वायफायवरून लागला, हे शालनताईंनी मला पेढे देताना दोनदा सांगितलं. बाळ घेऊन ती नदीकाठच्या घरी आली. जावई वारज्याहून रोज व्हिडिओ कॉलवर बाळाला बघायचा. मला वाटलं, चला, ही भीती तरी संपली.

मग ऊसतोडणी सुरू झाली. केबलवाल्यांना गणपतीची मिरवणूक आणि उसाची ट्रॉली या दोन गोष्टी नकोशा असतात. दोन्ही उंच असतात आणि दोन्ही वर न बघता पुढे जातात.

एके दिवशी सकाळी उशिरा ऑफिसच्या स्क्रीनवर त्या घराचा दिवा लाल झाला. असं होत असतं. उंदीर कुरतडतो, फांदी पडते. मी गाडीला किक मारली आणि निघालो. एकटाच होतो. घाई नव्हती. वाटेत चहासुद्धा प्यायलो, तो चहा मला अजून आठवतो.

गाडीरस्त्याला लागलो तेव्हा बापूंच्या रानातला ऊस निम्मा तुटलेला होता. चिखलात ट्रॉलीच्या चाकांचे ताजे खोल चर, वाढ्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, पाला सगळीकडे. ट्रॉली भरून निघून गेली होती. वरच्या मोळ्यांमध्ये आमची तार अडकली असणार आणि ड्रायव्हरला पत्ताही लागला नसणार. एक पाईप आडवा झाला होता. मी वर बघत बघत पुढे गेलो आणि विजेच्या लाईनपाशी येऊन थांबलो.

ताणलेली पोलादी तार तुटली की गप्प पडत नाही, उसळते. आमची तार विजेच्या लाईनच्या अलीकडे तुटली होती आणि पलीकडचा तुकडा उसळून विजेच्या त्या लोंबत्या तारेवर जाऊन बसला होता. वेढा मारून. तिथून तो तसाच पुढे, बाभळीवरून, कडुलिंबावरून, सलग शालनताईंच्या अंगणापर्यंत गेलेला. कुठेही तुटलेला नाही. मी तो इतका मजबूत बांधला होता.

मी कान दिला. शांत होतं. शेतीची लाईट तेव्हा आठवड्याला वेळ बदलून यायची. कुठलीच मोटार चालू नव्हती, म्हणजे लाईन बंद होती. हायसं वाटलं. खिशातून फोन काढला, शालनताईंना सांगू म्हटलं की अंगणातल्या तारेला कोणी हात लावू नका. आणि तेव्हा कळलं की फोन लागणार नाही. त्यांच्या घरी फोन पोचायचा तो याच तारेतून, आणि तीच तुटली होती.

वीज मंडळाच्या माणसाला फोन लावला. तो उचलेना.

आणि लाईट आली.

शेतात लाईट आलेली दिसत नाही, ऐकू येते. सगळ्यांनी मोटारींना आपोआप चालू होणारं यंत्र बसवलेलं असतं, त्याला ऑटो म्हणतात. वीज आली की आजूबाजूच्या विहिरींवरच्या मोटारी एकदम गुणगुणायला लागतात. रोज ऐकलेला आवाज. त्या दिवशी तो चारी बाजूंनी उठला आणि मी वर बघितलं. माझ्या डोक्यावर त्या तारेच्या वेढ्यात एक बारीक ठिणगी उडाली आणि मग काहीच दिसेना. ते काहीच न दिसणं जास्त वाईट होतं.

घर अजून लांब होतं, मध्ये उभा ऊस. विजेचा डबा, ज्याला तिकडे डीपी म्हणतात, तो मागे बापूंच्या गोठ्याजवळ. एकटा माणूस दोन्हीकडे धावू शकत नाही. मी गोठ्याकडे तोंड करून ओरडलो. आयुष्यात एवढ्या मोठ्यांदा ओरडलो नाही. "बापू! डीपी बंद करा! तार पडलीय लाईनवर! शालनताईंच्या अंगणात करंट गेलाय!"

बाजेवरून बापू उठलेले दिसले. त्यांना कळलं की नाही, ते उठले ते डीपीकडे जायला की मला शिव्या द्यायला, हे बघायला मी थांबलो नाही. धावलो. चिखलात गाडी चालली नसती. उसाच्या पात्यांनी तोंड कापत होतं. डोक्यावर माझीच तार माझ्याबरोबर चालली होती, आणि घराजवळच्या विहिरीवरची मोटार तशीच गुणगुणत होती. ती त्याच डीपीवरची. जोवर ती ऐकू येतेय तोवर अंगणातल्या तारेत मरण आहे, एवढंच डोक्यात होतं.

शेवटच्या वळणावर अंगण दिसलं. तारेवर बाळाची दुपटी वाळत घातलेली. पांढरी, पिवळी, ओळीने. सकाळी घातली असणार, तेव्हा तार नुसतीच तार होती. आणि रेश्मा दुपटी काढायला बाहेर आली होती. माझ्याकडे पाठ. एका हाताने रिकामी टोपली कमरेवर धरलेली, दुसरा हात वर उचललेला.

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. बापूंना हाक मारताना तो सगळा संपला होता, की भीतीने गेला, मला माहीत नाही. तिचा हात तारेकडे गेला.

मोटार थांबली.

तिने तार धरली, दुपटं ओढून काढलं, पुढच्याला हात घातला. मधला वेळ किती होता, मी सांगू शकत नाही. एक श्वास असेल. मी अंगणात जाऊन खाली बसलो. ती दचकून वळली.

"अय्या काका! नेट गेलंय ना सकाळपासून? मी आईला म्हटलंच, कम्प्लेंट टाकायला हवी."

मी तिला नुसतं हाताने खुणावलं की लांब हो. शालनताई धावत बाहेर आल्या. मला पाणी प्यायला दिलं. मी काय झालं ते सांगितलं. लेकीचा हात दोन्ही हातांत धरून उलटासुलटा करून बघत राहिल्या. मग आत जाऊन बाळाला उचललं आणि झोपलेल्या बाळाला तशाच घट्ट धरून उंबऱ्यात बसल्या.

मी म्हटलं, "ताई, मी ही तार आजच काढून टाकतो. सगळी. मला माफ करा, मला हे झेपत नाही."

"काढा," त्या म्हणाल्या. "आन् दुसरी टाका. आजच."

"ताई, तुम्हाला भीती वाटत नाही?"

"वाटती की." त्यांनी बाळाचं दुपटं नीट केलं. "करंटची भीती एकदाची वाटून गेली, दादा. फोन न्हाय तवाची रोज वाटती. रेश्माला आज वारज्याला पाठवू? आन् मग मी आन् सासूबाई इथं काय करू?"

पोलाद नसलेली केबल मिळते. आतल्या दोऱ्यांच्या बळावर ती स्वतःचा भार पेलते. महाग पडते म्हणून आमचे मालक ती एका घरासाठी वापरू देत नसत. मी रस्त्यावर येऊन त्यांना फोन केला आणि नोकरीत पहिल्यांदा आवाज चढवून बोललो. दुपारी दोन माणसं आणि केबल आली.

बापू डीपीपाशीच होते. डब्याला पाठ लावून, हातात काढलेले फ्यूज घेऊन. लाईट गेली म्हणून आजूबाजूचे शेतकरी येऊन भांडत होते, पिकाला पाणी भरणं चालू होतं त्यांचं. बापू कोणाला डब्याला हात लावू देत नव्हते. मी त्यांचे आभार मानायला गेलो तर म्हणाले, "मी माझी मोटार बंद केली. आभाराचं काय त्यात?" मग दुसरीकडे बघत, "नवी तार माझ्या रानावरनं न्या. सरळ. रस्त्यानं कशाला मरायला."

त्या बाजूचा ऊस तुटलेला होताच. सरळ नेली, विजेच्या लाईनला कुठे न शिवता. जुनी पोलादी तार मी स्वतः काढली, कापली, गुंडाळली. अंगणातल्या हुकाला नवी केबल लावली, घराची लाईट वेगळ्या डीपीवरची, ती चालूच होती; घरातल्या वायफायच्या डब्यावर हिरवा दिवा लागला तोवर ऊन उतरायला लागलं होतं. आता बापूंना सांगायचं होतं की फ्यूज टाका. एवढं चालत जायचं त्राण माझ्यात नव्हतं. माझा फोन घरातल्या वायफायला जोडला, बापूंचा नंबर घेऊन ठेवलाच होता आणि वर त्यांच्याकडे रेंज होती, लावला आणि बोलणार तेवढ्यात बापूंचा आवाज आला, "तुम्ही नका सांगू. घरातलं माणूस द्या."

मी फोन शालनताईंकडे धरला. त्यांनी पदर नीट केला, मग फोन घेतला. फोन मोठ्या आवाजावर होता.

"भावजी, टाका आता. सगळी लांब हाईत तारेपासनं."

"सगळी म्हंजी कोण?"

"मी, रेश्मा, बाळ. आन् सासूबाई."

"असं न्हाय. एकेकानं बोलायचं. आवाज ऐकल्याबिगर टाकणार न्हाय मी."

रेश्मा फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "मी आत आहे, बापूकाका."

"बाळ?"

"झोपलंय."

"झोपू दे. त्येच्या अंगावर हात ठेवून सांग."

तिने हात ठेवला. "ठेवलाय काका. छाती हलतेय."

शालनताईंनी फोन सासूबाईंपुढे धरला. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. फोनकडे बघतही नव्हती. पलीकडे शेतकऱ्यांचा गलका, कोणीतरी म्हणत होतं, टाका की बापू, किती वेळ. बापू टाकेनात. मला वाटलं, आता फोन ठेवणार.

"काकी," बापू म्हणाले. "काकी, एकदा हाक मार. काका गेले त्या रात्री मी जागाच होतो."

म्हातारीने फोन स्वतःकडे ओढला.

"बापू," ती म्हणाली. "आत हाय रं मी. टाक."

विहिरीवरची मोटार सुरू झाली.